दुधावरची गोळी

सुगंधाबाईंना कुणी विचारलं असतं, की बाई, तुम्हाला कशाची लाज वाटते, तर त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं असतं: आजारी माणसाला कोऱ्या पाण्यावर गोळी देण्याची. तापीकाठच्या गुजरांच्या गावातलं त्यांचं घर, दावणीला चार म्हशी. अशा घरात पाणी कशाला, तर हातपाय धुवायला आणि फवारणीच्या पंपात भरायला. औषध म्हटलं की दूध. गोळी उष्ण पडते, आतडं जाळते, तिच्यामागून पेलाभर दूध गेलं की ती गुमान आपलं काम करते, हे त्यांना सासूनं सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूनं. तीन पिढ्यांत त्या घरात कुणी गोळीनं मेलं नव्हतं, तेव्हा शास्त्र पक्कंच होतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा धीरज. वय एकोणतीस, अंगानं दणकट, केळीचे दोन घड दोन्ही खांद्यांवर घेऊन बांधावरून चालणारा. लग्नाला दोन वर्षं झाली होती. सून दामिनी बारावी शिकलेली, कमी बोलणारी, आणि कमी बोलणाऱ्या सुनेबद्दल सासवांना जो संशय असतो तो सुगंधाबाईंनाही होता. नवरा मोतीलाल या दोघींच्या मध्ये कधी पडत नसत. ते शेतातून येत, जेवत आणि ओट्यावर बसून राहत.

दिवाळीच्या आधी त्यांची थोरली म्हैस सातव्या महिन्यातच गाभडली. मेलेलं पारडू अर्धं बाहेर, जार, म्हणजे वार, आत अडकलेली, आणि गुरांचा डॉक्टर दुसऱ्या गावात. धीरजनं बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत हात घालून जार ओढून काढली. हातमोजे घालायला तो काही शहरातला डॉक्टर नव्हता. हातावर केळीची पानं कापताना झालेले चरे होते. त्यानं विहिरीवर हात धुतले, साबण लावला आणि जेवायला बसला. या एवढ्याशा गोष्टीतून पुढचं सगळं झालं.

तीन आठवड्यांनी त्याला ताप यायला लागला. सकाळी माणूस ठणठणीत, दुपार कलली की अंगात हीव भरायचं, आणि दिवे लागायच्या वेळेला घामानं सदरा पिळून काढावा लागायचा. त्या घामाला ओल्या कडब्यासारखा वास यायचा. गावातल्या डॉक्टरनं आधी टायफॉइडची औषधं दिली, मग मलेरियाची. कंबर इतकी दुखायची, की धीरज उठताना खाटेची पाटी धरायचा. सुगंधाबाईंनी दृष्ट काढली, मिरच्या जाळल्या. मिरच्यांचा ठसका सगळ्या घराला लागला, ताप मात्र जागचा हलला नाही.

शेवटी त्याला नंदुरबारला डॉक्टर हेमकांत पाटलांकडे नेलं. हा माणूस शहाद्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातला. त्यानं छाती तपासली, कंबर दाबली आणि पहिलाच प्रश्न विचारला, घरी एखादी म्हैस गाभडली होती का. धीरजनं हो म्हटलं आणि जार ओढल्याचंही सांगितलं. रक्ताची तपासणी झाली आणि चार दिवसांनी आजाराचं नाव कळलं, ब्रुसेलोसिस. नाव कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून घरात त्याला ‘म्हशीना ताप’ म्हणायला लागले. सरकारी दवाखान्याचे लोक येऊन म्हशींचं रक्त घेऊन गेले, थोरलीला वेगळं बांधायला लावलं, तिचं दूध बंद केलं आणि बाकीचं दूध चांगलं उकळल्याशिवाय कुणी तोंडाला लावायचं नाही, असं बजावलं. सुगंधाबाई एकदा सांगितलेलं तीनदा करणाऱ्या. त्यांनी दूध तीन-तीन उकळ्या देऊन आटवायला सुरुवात केली.

डॉक्टरांनी दोन प्रकारच्या गोळ्या लिहून दिल्या आणि त्या सहा आठवडे घ्यायला सांगितल्या. ताप आठ-दहा दिवसांत उतरेल, पण तो उतरला म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. का, ते त्यांनी मोतीलालना समजावलं.

“आपल्या रक्तात राखण करणाऱ्या पेशी असतात,” डॉक्टर म्हणाले. “जंतू दिसला की त्या त्याला गिळून मारतात. हा जंतू गिळला जातो, पण मरत नाही. त्या पेशीच्याच पोटात घर करतो. बोंडअळी एकदा बोंडात शिरली, की वरून फवारून तिला काय होतं?”

“काहीच नई,” मोतीलाल म्हणाले. मागच्या सालचा कापूस त्यांना आठवला.

“तसंच हे. बाहेरचे जंतू लवकर मरतात, म्हणून ताप उतरतो. आत बसलेल्यांपर्यंत औषध रोज, पुरेपूर आणि बरेच दिवस पोचलं पाहिजे. थोडं पोचलं तर ते नुसते दबून बसतात.”

मोतीलालना ते पटलं. सुगंधाबाईंना एवढंच कळलं, की एकही गोळी चुकता कामा नये. त्यांनी तिथंच मनाशी शपथ घेतली.

गोळ्या दामिनीच्या ताब्यात होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी सुगंधाबाई खोलीत शिरल्या तर दामिनी धीरजला गोळी देत होती, उपाशीपोटी, आणि पाण्यावर. स्टीलचा ग्लास, त्यात नुसतं पाणी. सुगंधाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मन्हा पोऱ्या काय धरमशाळामा पडेल शे का, कोरा पानीवर गोळी गिळाले?”

दामिनीनं खालच्या आवाजात सांगितलं, “माय, औषधवालानी सांगेल शे. ह्या गोळ्या दूधसंगे नई देवान्या. चिठ्ठीवरबी लिखेल शे.”

“दूध देवाले हात आखडस का तुन्हा?”

यावर कुठल्या सुनेनं काय बोलावं. दामिनीनं पाण्याचा ग्लास उचलून नेला. चिठ्ठीवर डॉक्टरांनी इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या होत्या, त्या वाचायच्या भानगडीत दुसरं कुणी पडलं नाही. त्या दिवसापासून गोळी दामिनीच्या हातची आणि दूध सुगंधाबाईंच्या हातचं, असं ठरून गेलं. सकाळ-संध्याकाळ त्या मोठा पेला भरून आणत, साय वर तरंगत असे, आणि धीरजनं तो रिकामा करेपर्यंत समोरून हलत नसत. नवव्या दिवशी ताप उतरला. सुगंधाबाईंनी दामिनीकडे असं पाहिलं, की त्या पाहण्याचा अर्थ शेजारणीलाही कळला असता.

सहा आठवडे पुरे झाले. धीरज कामाला लागला. प्रकाशा या तापीकाठच्या तीर्थाला जाऊन सुगंधाबाईंनी नारळ फोडला आणि घरोघर सांगितलं, की मोठे डॉक्टर मोठे असतीलही, पण घरचं दूध नसतं तर पोराची नुसती हाडं राहिली असती.

दोन महिन्यांनी केळीची गाडी भरता भरता धीरज बांधावरच बसला. त्याला हीव भरलं होतं. संध्याकाळी सदरा पिळला तर तोच कडब्याचा वास. सुगंधाबाईंनी तो सदरा नाकाशी धरला. हा वास आपल्या घरातून गेलाच नव्हता, नुसता दडून बसला होता, असं त्यांना वाटलं आणि हातातला सदरा टाकून द्यावासा वाटला.

डॉक्टर हेमकांतांनी विचारलं, गोळ्या चुकल्या का. सुगंधाबाई छातीवर हात ठेवून नाही म्हणाल्या. पण घरी येऊन त्यांनी दामिनीचं कपाट धुंडाळलं, आणि साड्यांच्या खाली एका पट्टीत चार गोळ्या निघाल्या.

“ह्या चार गोळ्या कशा उरन्यात?”

दामिनी म्हणाली, की दुकानातून पूर्ण पट्टी मिळते, सुटी मिळत नाही, म्हणून उरल्या. खरं तेच होतं. हिशेब करून पाहिला असता तर पहिलीतल्या पोरालाही पटलं असतं. पण सुगंधाबाईंना कुणीतरी चोर हवा होता, आणि घरात परकं माणूस एकच होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. त्या दिवशी त्या जे बोलल्या ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. तू मन्हा पोऱ्याना जिवावर उठेल शे, एवढं त्यातलं सौम्य. धीरज तापात कण्हत होता, तो भिंतीकडे तोंड करून पडला. मोतीलाल ओट्यावरून उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी दामिनीचे वडील रतिलाल येऊन तिला माहेरी घेऊन गेले.

मग दुसऱ्या खेपेच्या गोळ्या सुगंधाबाईंच्या हातात आल्या. त्यांनी डोळ्यांत तेल घालून दिल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक गोळीला एक खूण. दुधात खारीक उकळायला लागल्या. त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांसाठी आरोग्य केंद्रातून मिळालेल्या कॅल्शियमच्या गोळ्या होत्या, त्यातली एक-एक त्या धीरजला त्याच वेळेला द्यायच्या, कारण कंबर दुखते म्हणजे हाड कच्चं. स्वतःचे गुडघे दुखले तर दुखू देत. एका आईनं करावं ते सगळं त्यांनी केलं, आणि मनापासून केलं, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे.

ताप उतरला, पण या वेळी कंबर सुटली नाही. गोळ्या संपून तीन आठवडे झाले असतील. एका सकाळी धीरज गोठ्याच्या दारात उभा होता, आणि उभ्या उभ्या खाली बसला. हसल्यासारखं करून म्हणाला, “माय, पाय कोठे गयात मन्हा?” सुगंधाबाईंनी त्याच्या पोटरीला चिमटा घेतला. त्याला कळला नाही. त्यांनी आणखी जोरात घेतला, नखाचे वळ उमटले, तरी तो त्यांच्याकडेच पाहत होता, आपल्या पायाकडे नाही.

जीपमध्ये त्याला आडवं घालून नंदुरबारला नेलं, तिथून तपासणीसाठी सुरतेला, आणि परत नंदुरबारला भरती केलं. कमरेच्या दोन मणक्यांमध्ये जंतूंनी पू केला होता आणि तो पू पायांकडे जाणाऱ्या नसांवर दाबत होता. डॉक्टर हेमकांतांनी सुगंधाबाई आणि मोतीलाल यांना आपल्या खोलीत बसवलं. आता तीन आठवडे रोज इंजेक्शनं, सोबत त्याच गोळ्या, आणि गोळ्या या वेळी निदान तीन महिने. पायांत थोडी ताकद अजून आहे. या खेपेला औषध लागू पडलं तर तो पुन्हा चालू शकेल. नाही पडलं तर ऑपरेशन, आणि मग पायांची खात्री कुणीच देऊ शकणार नाही.

सुगंधाबाई घाईघाईनं सांगायला लागल्या, की एकही गोळी चुकलेली नाही, त्यांच्याकडे कॅलेंडर आहे, ते त्यांनी पिशवीत घालून आणलं होतं. डॉक्टरांनी खुणा पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या.

“गोळी कशाबरोबर देत होता?” त्यांनी विचारलं.

“दूधसंगे,” सुगंधाबाई म्हणाल्या. मग वाटलं, यांना कमी वाटू नये. “चांगला मोठा पेला. साय असायची. वरून मन्ही कॅल्शियमनी गोळी.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात सांगायला लागले, की दुधातलं कॅल्शियम दोनांतल्या एका गोळीला पोटातच धरून ठेवतं आणि ती पूर्ण रक्तात उतरत नाही. कॅल्शियमच्या गोळीनं तर आणखीच. दुसरी गोळी उपाशीपोटी घ्यायची होती. म्हणजे औषध रक्तात गेलं, पण कमी गेलं. बाहेरचे जंतू मारण्यापुरतं होतं, पेशींच्या आत बसलेल्यांना मारण्यापुरतं कदाचित नव्हतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ते म्हणाले, पण मी तोंडानं सांगायला हवं होतं.

सुगंधाबाईंना वाक्यं ऐकू येत होती. त्यांना पंप दिसत होता, फवारणीचा, आणि त्यात औषध कमी आणि पाणी जास्त ओतणारा हात. तो हात त्यांचा होता. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी.

“म्हणजे मीच,” त्या म्हणाल्या.

“तसं म्हणू नका. सगळं नीट करूनही काही लोकांचा हा आजार उलटतो. तुमच्याच चुकीनं झालं की तसंही झालं असतं, हे मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही.”

डॉक्टरांनी हे दिलासा म्हणून सांगितलं. पण सुगंधाबाईंना त्यात बसायला कुठेच जागा सापडेना. गुन्हा शाबीत झाला असता तर डोकं आपटून घेतलं असतं, सुटका झाली असती तर देवाला हात जोडले असते. आता दोन्ही नाही. दवाखान्याच्या जिन्यात त्या बसल्या आणि पदर तोंडात कोंबून रडल्या. मोतीलाल दोन पायऱ्या खाली उभे होते. आपण मायेच्या माणसाला मायेनंच मारतो की काय, असं त्यांना राहून राहून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच एस.टी.त बसल्या आणि सारंगखेड्याजवळ दामिनीच्या माहेरी गेल्या. कुणी बोलावलं नव्हतं. रतिलाल दारात होते, त्यांनी बसा म्हटलं नाही. सुगंधाबाई स्वतःच उंबऱ्याच्या बाहेर, जमिनीवर बसल्या. गुजरांच्या घरची विहीण व्याह्याच्या अंगणात खाली बसली आहे, हे समोरच्या दोन घरांनी पाहिलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. मुलाचे पाय गेले की बाकीच्या गोष्टींची लाज आपोआप जाते.

दामिनी बाहेर आली. सुगंधाबाईंनी तिला डॉक्टर जे बोलले ते सगळं सांगितलं, दूध, कॅल्शियम, पू, पाय. कुठं लपवलं नाही, कुठं रंगवलं नाही.

“तू सांगेल व्हतं,” त्या शेवटी म्हणाल्या. “मी ऐकं नई. उलटं तुलेच चोर ठरावं. त्याले आते तूच वाचाड. मन्हावर मन्हा भरोसा नई.”

दामिनी खांबाला टेकून उभी होती. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. ती म्हणाली, तिकडे रोज सकाळी तो पेला रिकामा होताना बघताना तिला काय वाटायचं, ते सासूला कधीच कळणार नाही. एकदा बोलली, दुसऱ्यांदा बोलायची हिंमत झाली नाही. तो आपलाही दोष आहे.

“मी येसू, माय. पन एक गोट शे. त्याना तोंडमा तुमना हातनं आते काहीच जावाले नको. भाकर नको, गोळी नको. पानीबी नको. डॉक्टर गोळ्या बंद करी तवलोंग.”

सुगंधाबाईंनी हो म्हटलं. त्या वेळी त्यांना ती अट हलकी वाटली. दामिनीनं घर मागितलं असतं तरी त्यांनी हो म्हटलं असतं.

तीन आठवड्यांनी धीरज घरी आला. त्याची खाट मधल्या खोलीत घातली, चुलीच्या समोर. दामिनीनं गोळ्या आपल्या कमरेच्या पिशवीत ठेवल्या. पहाटे उपाशीपोटी एक, पाण्यावर. दुसरी जेवणानंतर, पाण्यावर. दूध मिळायचं ते दुपारी, गोळीपासून लांब, आणि तेही तिच्याच हातचं. सुगंधाबाई भाकरी थापत, पण ताट ती नेई. त्यांना खोलीत बसायची मुभा होती. त्या बसत आणि धीरजच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत. सोमवारी तो हलला होता. मंगळवारी हलला नाही. बुधवारी थोडा हलला, की हलल्यासारखा वाटला, यावर त्यांनी दिवसभर विचार केला. ताप नव्हता. पण ताप नसणं म्हणजे काय, याचा अर्थ आता त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हता. जंतू मेले, की दबून बसलेत, हे विचारायला कुठं जायचं? डॉक्टर म्हणाले होते, गोळ्या संपल्यावरही वर्ष-दोन वर्षं वाट बघावी लागेल.

धीरजला त्या अटीबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. त्याला वाटायचं, आई थकली आहे.

एका दुपारी मोतीलाल शेतात होते आणि दामिनी मागच्या अंगणात धुणं धूत होती. ऊन कडक होतं. धीरज डोळे मिटून पडला होता. त्यानं ओठांवरून जीभ फिरवली.

“माय, पानी दे.”

माठ सुगंधाबाईंच्या उजव्या हाताला होता. त्यांचा हात गेलासुद्धा. त्यांनी ग्लास बुडवला, भरला, दोन पावलं टाकली, आणि तिथंच थांबल्या. मुलगा त्यांच्याकडे पाहत होता, उठता येत नव्हतं म्हणून नुसती मान उचलून. इतकी साधी गोष्ट होती. पाण्यानं काय होणार होतं? काही नाही. पण दुधानंही काही होणार नाही, याची त्यांना अशीच खात्री होती.

त्यांनी ग्लास माठावर परत ठेवला.

“काय व्हयनं? दे ना,” धीरज म्हणाला. “तू कसाले नई देत?”

सुगंधाबाईंनी आपले दोन्ही हात पदरात गुंडाळले.

“मन्हा हात खराब शेतस,” त्या म्हणाल्या आणि दामिनीला हाक मारायला मागच्या अंगणात गेल्या.